तारखेच्या दिवशीच बंद पडणारी गाडी

१५ सप्टेंबर, सोमवार

सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. ह्यांच्या मूत्राशयात आतल्या बाजूला गाठ आहे. डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले तेव्हाच मी ओळखले की काहीतरी वाईट ऐकायचे आहे. लघवीतून रक्त जाते आहे उन्हाळ्यापासून, आणि हा मनुष्य मला सांगतो ऑगस्टमध्ये, तेही धुवायच्या कपड्यांत मला डाग दिसला म्हणून!

अहमदाबादच्या सर्जनकडे पाठवले आहे. ते दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतील आणि तपासायला देतील. गाठ नुसती अस्तरात असेल तर निभावले. स्नायूत शिरली असेल तर आख्खे मूत्राशय काढायचे आणि पोटावर पिशवी लावायची. पिशवीचे नाव निघाल्यावर हे खिडकीबाहेर बघायला लागले. ह्यांचे थोरले भाऊ सुभानराव पिशवी लागल्यावर वर्षभर होते. होते म्हणजे नुसते होते. कुणी भेटायला आले की पोटावर उशी धरून बसायचे.

परत येताना गाडी मी चालवत होते. चक्कर येते म्हणून एप्रिलपासून ह्यांचे चालवणे बंद आहे आणि जूनमध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, मला लायसन्स मिळाले आहे. बडोद्यातले आमचे मांजलपूर येईपर्यंत हे एकच वाक्य बोलले, "दुसरा गिअर घाईने टाकतेस."

आकांक्षाचा पुण्याहून फोन आला. म्हणाली, "आई, सरळ कॅब कर." ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "परक्याच्या गाडीत मी बसणार नाही. दर अर्ध्या तासाला मला उतरावं लागतं, ड्रायव्हर तोंड वाकडं करतो. ट्रेन तर नकोच. मला लता नेईल, आपल्या गाडीतून."

लता नेईल! आयुष्यभर कारखान्यातली इंजिने सांभाळलेल्या ह्या श्रीकृष्णपंतांनी मला कधी स्कूटरलासुद्धा हात लावू दिला नाही, आणि आज अहमदाबादपर्यंत मी नेणार. वेळ वाईट आहे हे कळते, तरी मला बरे वाटले. लिहून टाकते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बुधवारची, २४ची तारीख मिळाली. हायवेवर जायचे तर इंजिन कळले पाहिजे म्हणून ह्यांनी आज बॉनेट उघडून माझी शाळा घेतली. चार सिलिंडर, बाराशे सी.सी. प्रत्येक सिलिंडरमध्ये दट्ट्या खाली जाताना हवा-पेट्रोल ओढतो, वर येताना दाबतो, प्लग ठिणगी टाकतो, भडका उडून दट्ट्या खाली फेकला जातो, आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर काढतो. मिनिटाला हजारो वेळा. "म्हणजे इंजिन बंद पडलं की चारच प्रश्न विचारायचे. हवा आहे का, पेट्रोल पोचतंय का, ठिणगी पडतेय का, दाब धरतोय का. पाचवं काही नसतं."

किल्ली अर्धी फिरवून थांबायला सांगितले. मागच्या सीटखालून घुंई असा बारीक आवाज आला आणि थांबला. तो पेट्रोल पंप. मी इतके महिने गाडी चालवते, तो आवाज मला कधी ऐकूच आला नव्हता. पंपाला वीज सोडणारा रिले, म्हणजे एक छोटी चौकोनी वडी, फ्यूजच्या डब्यात असतो तोही दाखवला.

शिकवताना हे पूर्वीसारखे दिसत होते. हाताला काळे लागले की ह्यांचा चेहरा उजळतो. आजार विसरले होते. मीही विसरले, मग बाथरूममध्ये गेल्यावर आठवला.

२४ सप्टेंबर, बुधवार

गेलो नाही.

सकाळी डबे भरले, बॅग ठेवली, अंबामातेला हात जोडले, किल्ली फिरवली तर नुसते टक टक टक. दिवेही मिणमिणले. हे शांतपणे म्हणाले, "बॅटरी बसली वाटतं." दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने सुरू करावी तर शेजारी आठवड्यासाठी पावागडला, विश्रामचे गॅरेज अकराला उघडणार. तोवर सर्जनची वेळ टळून गेली.

दुपारी ह्यांनीच पाना घेऊन पाहिले. बॅटरीच्या टर्मिनलचा नट ढिला होता, दुसरे काही नाही! घट्ट करताच गाडी पहिल्या झटक्यात सुरू. मला ह्यांच्या हुशारीचे कौतुक वाटले आणि विश्रामचा राग आला. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंग त्यानेच केले होते. नट पिळायला काय होते ह्याला?

पुढची तारीख ६ ऑक्टोबर. सर्जनची सेक्रेटरी जरा फटकून बोलली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले. हे बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ डोळे मिटून उभे होते. म्हटले, "काय मागताय एवढं?"

"माफी."

"गाडीची?"

"हं."

सर्व्हिसिंग वेळेवर न केल्याबद्दल असणार. यंत्राच्या बाबतीत हा मनुष्य फार हळवा आहे. माझी कधी मागितली नाही ती.

फाफडा-जलेबी आणली होती. ह्यांनी एक तुकडा खाऊन ठेवून दिला. वजन उतरते आहे. गालफडे दिसायला लागली आहेत, आणि मी रोज वरणावर जास्तीचे तूप घालते, जसे काही तुपाने गाठ विरघळणार आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा गेलो नाही.

गाडी सुरू झाली, पण अंगात आल्यासारखी घुमायला लागली. पिकअप नाही, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतोय. तरी मी सुसेन सर्कलपर्यंत नेली. हे म्हणाले, "एक सिलिंडर मारत नाहीये. तीनवर चाललीय. एक्स्प्रेसवेवर मागून ट्रक आला आणि ही दबली तर? वळव लता." मी वळवली. काय करणार? हे सांगतात म्हणजे तसेच असणार.

विश्रामने प्लग काढले. त्यातला एक मला दाखवून म्हणाला, "काकी, हे बघा. प्लगच्या टोकाला गॅप असते, तिथे ठिणगी पडते. ह्याची गॅप कोणी ठोकून बंद केलीय. आपोआप असं थाय नहीं."

मी म्हटले, "मग कुणी केलं? आमच्या गाडीला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागतो का? ह्या गाडीवर एका माणसाचा जीव टांगला आहे, कळतं का तुला?" बरेच बोलले. तो ह्यांच्याकडे बघत राहिला. हे म्हणाले, "जाऊ दे लता, असेल काहीतरी." विश्रामने नवा प्लग बसवला आणि एक शब्द बोलला नाही. बोलेल कशाला, चूक त्याचीच.

आज कोजागरी. सोसायटीत शरदपूनमचा गरबा होता. ह्यांनी दूधपौवा, दुधातले गोड पोहे, दोनदा मागून खाल्ले, खुर्ची टाकून टाळ्या वाजवत बसले. कितीतरी दिवसांनी इतके मोकळे दिसले. मी बाजूला बसून जळत होते. दोन तारखा गेल्या आणि ह्यांना टाळ्या सुचतात! मग वाटले, बिचारे मला दिसू नये म्हणून हसत असतील.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुपारी लघवी अडली. रक्ताच्या गुठळीने वाट बंद झाली. हे बाथरूमच्या दारात गुडघ्यांवर बसले होते, घामाने निथळत, आणि तोंडातून आवाज असा येत होता की मी तो ह्यांचा म्हणून ओळखलाच नसता.

गाडी काढली. एका झटक्यात सुरू झाली, रस्ताभर कुरकुर नाही. खरे अडले तेव्हा धावली बिचारी. मी तिला वाटेत दोनदा "शहाणी गं माझी" म्हटले.

इथल्या हॉस्पिटलात नळी घालून गुठळी काढली. मग डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. "काकी, मी किती वेळा सांगायचं? सोनोग्राफीत गाठ अजून वरवर दिसते. आज काढली तर काढली. ती रोज वाढते, आणि स्नायूत शिरली की मग मूत्राशय ठेवता येणार नाही. त्याच्याही पुढे गेली तर तेही करता येणार नाही. तुम्ही दोन तारखा कशा चुकवल्या?"

मी म्हटले, "गाडी बंद पडली."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला शरमच वाटली.

रात्री आकांक्षाला सांगितले. तिने दोन्ही तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाली, "आई, बाबांना जायचंय ना नक्की?" मी तिला झापले. पुण्यात बसून बोलायला काय जाते! वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला बरे व्हायचे नाही का?

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनतेरस

सर्जनने स्वतः फोन घेतला. दिवाळीत त्यांचे ऑपरेशन थिएटर रिकामे असते म्हणून २४ तारीख दिली, शुक्रवार. त्या दिवशी भरती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मला वाटले हे म्हणतील सणाचे नको, पण लगेच "चालशे" म्हणाले. मग सहज म्हणाले, "विश्राम लाभपाचमीपर्यंत, म्हणजे सव्वीसपर्यंत, गावाला असतो नाही? सगळीच गॅरेजं बंद असतात तोवर." म्हटले, त्याच्या हाताला गाडी न लागलेलीच बरी. तर हसले.

आकांक्षा येते म्हणत होती. ह्यांनी तिला येऊ दिले नाही. "ऑपरेशन झाल्यावर ये, आधी येऊन काय करणार?"

२३ ऑक्टोबर, गुरुवार

काल बेस्तुं वरस, गुजराती नवे वर्ष. दिवसभर "साल मुबारक" करत माणसे येत-जात होती. ज्याला त्याला हे सांगत होते, "लता मला अहमदाबादला नेते आहे." लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

आज मी कुणाला न विचारता गाडी तपासली. टर्मिनल हलवून पाहिले, घट्ट. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल खुणेवर. इंजिन गार ठेवणारे कूलंट भरलेले. सुरसागर तलावापर्यंत चक्कर मारून आले, गाडी लोण्यासारखी चालली. उद्या काही होणार नाही. झाले तर मी रस्त्यावर बसून रडेन.

संध्याकाळी मी देवापुढे दिवा लावत होते तेव्हा हे गाडीपाशी जाऊन आले. म्हणाले, टायरची हवा बघितली. मग बराच वेळ बेसिनपाशी हात धूत होते.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार, अहमदाबाद

हॉस्पिटलच्या खोलीत बसून लिहिते आहे. हे झोपले आहेत. सगळे नीट क्रमाने लिहिले तरच मला कळेल की आज काय झाले.

सकाळी बॅगा डिकीत ठेवल्या. हे व्हरांड्यात झोपाळ्यावर, म्हणजे हिंचक्यावर, बसले होते, जोडे घालून तयार. मी किल्ली फिरवली. इंजिन फिरत होते, जोरात फिरत होते, पण पेट घेत नव्हते. पुन्हा. पुन्हा. मग किल्ली अर्धी फिरवून थांबले आणि कान दिला. मागच्या सीटखालून घुंई आवाज येत नव्हता. एवढ्यात हिंचक्यावरून आवाज आला, "पंप गेला."

हे जागेवरून उठलेही नव्हते. व्हरांड्यातून तो आवाज येतो की नाही हे ऐकू येणे शक्यच नाही. मला गाडीत बसून कान द्यावा लागला.

"टाकी उतरवावी लागेल," हे म्हणाले. "पाचमीपर्यंत कोण करणार? फोन करून सांग त्यांना."

मी बॉनेट उघडले. फ्यूजच्या डब्याचे झाकण काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, कुठली वडी कशाची ते. पंपाचा रिले जिथे हवा तिथे रिकामे भोक होते. चार खाचा, स्वच्छ, धूळसुद्धा नाही. ते काही गळून पडत नाही. दोन बोटांनी ओढून काढावे लागते.

बॅटरीचा नट. प्लग. टाळ्या वाजवत बसलेला तो चेहरा. विश्रामला मी काय काय बोलले! आणि तेरा तारखेला गाडी का धावली, तेही कळले.

मी ओरडले नाही. का नाही ते सांगता येत नाही. ओरडले असते तर दिवस भांडणात गेला असता, आणि ह्यांना तेच हवे होते. नकाशात पाहिले, हॉर्नचा रिले अगदी त्याच मापाचा, त्याच नंबरचा. तो ओढून काढला आणि पंपाच्या जागी दाबून बसवला. किल्ली अर्धी फिरवली. घुंई. पूर्ण फिरवली. इंजिन सुरू.

हे उठून उभे राहिले. मागे हिंचका हलत राहिला. मी दार उघडून म्हटले, "चला." आले आणि मुकाट बसले. उजवा हात खिशात.

बडोद्यातून हॉर्नशिवाय गाडी काढणे म्हणजे काय ते आज समजले. खिडकी खाली करून "ओ भाई, खसो!" असे ओरडत दुमाड चोकडी गाठली. एक्स्प्रेसवेला लागल्यावर ओरडायलाही कुणी उरले नाही. मला खूप बोलायचे होते, पण तोंड उघडले असते तर रडू आले असते, आणि रडत गाडी चालवायला मला कुणी शिकवलेले नाही.

आणंद गेल्यावर हे म्हणाले, "लता, गोडसर वास येतोय. कूलंट गळतंय. बाजूला घे."

मी म्हटले, "बरं." आणि चालवत राहिले.

"लता, खरंच येतोय."

"आज खरंच का?"

मला वास येत नव्हता असे नाही. येत होता. पण मला वाटले हेही ह्यांनीच काहीतरी केले असणार, आणि आता थांबलो की संपले. म्हणून पाय तसाच दाबून ठेवला. मग डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. हे ओरडले, "लता, इंजिन मरेल!" तेव्हा बाजूला घेतली.

कडेच्या रेलिंगपाशी दोघे उभे. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. वाफ बघता बघता हे खिशातून हात काढून म्हणाले, "हा रिले. मीच काढला. नटही मीच ढिला केला, प्लगही मीच ठोकला. पण हा पाइप माझा नाही गं लता. शपथ."

मला हसू आले आणि त्याबरोबर रडूही. "मरायचंय का तुम्हाला?"

"नाही. मरायचं नाहीये."

"मग?"

"ते आत बघणार आणि सांगणार. गाडी बंद आहे तोवर कोणी काही सांगत नाही." मग खाली बघून म्हणाले, "दादा उशी धरून बसायचा. तू त्याच्याकडे बघायचीस ना, तेव्हा तुझ्या तोंडावर कीव असायची. माझ्याकडे तशी बघू नकोस. त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा काय? माझ्या तोंडावर काय असेल ते तुम्ही ठरवणार? आणि मी? मी कुणाच्या गाडीत बसायचं तुमच्यानंतर?" शेवटचे वाक्य मी काय बोलले ते मलाच कळले नाही. पण ह्यांना कळले असावे, कारण ह्यांनी माझा दंड धरला. रस्त्यावर, दिवसाढवळ्या!

एवढ्यात एक्स्प्रेसवेची पेट्रोलिंगची गाडी थांबली. आतला माणूस वाकून म्हणाला, "काका, क्रेन बोलावुं? पाछा वडोदरा मूकी जशे."

परत बडोद्याला नेऊन सोडणार म्हणे. मी ह्यांच्याकडे पाहिले. इंजिन मेले आहे की जिवंत आहे हे मला सांगता आले नसते. मला येते ते सगळे ह्यांनीच शिकवलेले, आणि एवढे शिकवलेले नाही. हे "संपलं" म्हणाले असते तर मला मान्य करावे लागले असते. त्यांनी क्रेनने नेले असते आणि आम्ही जेवायला घरी असतो. हे वाफेकडे बघत होते, ओठ हलत होते. मी एक शब्दही बोलले नाही. देवाशपथ, एक शब्दही नाही.

"ना," हे म्हणाले. "पाछा नथी जवुं. पाणी छे तमारी पासे?"

परत जायचे नाही, म्हणाले! त्याने पाण्याचा कॅन काढून दिला. हे माझ्याकडे वळले, "सफरचंद कापायची सुरी आण. आणि डिकीतली पान्यांची पेटी."

थंड व्हायला वेळ दिला. गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही, उकळते पाणी तोंडावर येते. मग हे वाकले. वरच्या रबरी पाइपाचे टोक, क्लिपच्या जवळ, चिरले होते. जुने झाले होते, बाकी काही नाही. सुरीने चिरलेला तेवढा तुकडा कापून टाकला, पाइप ओढून पुन्हा बसवला, क्लिप आवळली. वाकताना पोटात कळ येत होती, ती दिसत होती मला. मी धरू लागले तर म्हणाले, "मला नको, टॉर्च धर." ऑइलची पट्टी काढून नाकाजवळ नेली. ऑइलात पाणी शिरले की ते ताकासारखे पांढरे होते. नव्हते झाले. "गॅस्केट वाचलंय, इंजिन जिवंत आहे," म्हणाले, आणि तिथेच खाली बसले. मग पाणी हळूहळू ओतायला लावले.

उरलेला रस्ता हीटर पूर्ण सोडून काढला, इंजिनची उष्णता आत ओढायला. ऑक्टोबरचे ऊन, खिडक्या उघड्या, पायांवर भट्टी. दोघेही घामाने भिजलो. नडियादच्या पुढे हे म्हणाले, "साठच्या वर नेऊ नकोस." मी म्हटले, "हो." मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला फार भीती वाटते आहे." मी म्हटले, "मलापण."

२५ ऑक्टोबर, शनिवार

ऑपरेशन झाले. सर्जन म्हणाले, दिसली तेवढी सगळी काढली, किती खोल होती ते रिपोर्ट सांगेल. हे ग्लानीत आहेत. नळीतून गुलाबी पाणी येते आहे. आकांक्षा संध्याकाळी पोचते.

विश्रामला फोन केला. गावाला आहे. "साल मुबारक काकी," म्हणाला. माझ्याने सगळे सांगवले नाही. एवढेच म्हटले, "प्लगचं तू म्हणालास ते बरोबर होतं, मी उगाच बोलले." तो म्हणाला, "मने खबर हती, काकी, माहीत होतं मला. काकांच्या समोर कसं बोलणार?"

३ नोव्हेंबर, सोमवार

आज रिपोर्ट मिळाला. गाठ अस्तर ओलांडून खालच्या थरापर्यंत आली होती. स्नायूत शिरलेली नाही. सर्जन म्हणाले, "आणखी थोडे दिवस गेले असते तर मी आज वेगळं काही सांगत बसलो असतो." मी मान खाली घातली. ह्यांनी नाही घातली. ह्यांनी विचारले, "आता पुढे?"

पुढे म्हणजे सहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून आत बघायचे. मग दर तीन महिन्यांनी, काही वर्षे. दरवेळी जायचे, दरवेळी थांबायचे, दरवेळी ऐकायचे. एकदा संपले असे होणार नाही. तारीख १५ डिसेंबर.

नवा पाइप बसवलेल्या गाडीतून परत आलो. हॉर्नही आहे. टोलनाक्यापर्यंत हे डोळे मिटून होते, मला वाटले झोपले. घरी आल्यावर बॅगा उतरवल्या, चहा केला. हे गाडीपाशीच रेंगाळले. मग आत आले ते दोन्ही हातांनी पान्यांची पेटी पोटाशी धरून. आतली जखम अजून ओली आहे, वजन उचलायचे नाही, मी ओरडणार होते. त्यांनी पेटी माझ्या पायाशी ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव. मला सापडणार नाही अशी ठेव."

"कशाला? आता सगळं बोलून झालंय की आपलं."

"बोलून झालंय," हे म्हणाले. "पण डिसेंबर जवळ आला की मी पुन्हा करीन. मी स्वतःला ओळखतो लता. चौदा तारखेला मी तुला काहीही सांगेन. पाना दे म्हणेन, शपथा घालेन, गाडीचा आवाज बरोबर नाही म्हणेन. माझं ऐकू नकोस."

चहा निवत होता. पेटी उचलून पाहिली, फार जड आहे. हे पाठ करून बसले, लहान मुले लपाछपीत बसतात तसे, आणि मी ती ठेवून आले. कुठे ठेवली ते इथे लिहीत नाही. हे माझी डायरी वाचत नाहीत, पण चौदा डिसेंबरला वाचतील.